प्रार्थनेच्या जागी पाहुणा

इ. स. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला कोंडीत धरले, आणि त्यानंतरच्या तहात साठ लक्षांचा मुलूख व काही नामांकित ठाणी पेशव्यांच्या पदरात पडली. उदगीर हे कमलनगरचे अगदी शेजारचे गाव. परंतु तेथे मिळालेल्या विजयाचे फळ पुष्कळ दूर, भीमेच्या पलीकडे होते. दौलताबादेबरोबर विजापूर शहरही या तहाने मराठ्यांकडे आले. अर्थात पेशव्यांच्या हाती जे विजापूर आले ते आदिलशहाचे विजापूर राहिलेले नव्हते. १६८६ मध्ये औरंगजेबाने ते जिंकले, दरबार उठला, कारागीर पांगले, आणि पाऊणशे वर्षांत त्या राजधानीचे रूपांतर तटबंदीच्या आत वाढलेल्या रानात झाले होते. उरल्या होत्या त्या इमारती. इमारतींना मालक बदलल्याचे कळत नाही. त्यांचा वापर बदलला म्हणजे मात्र कळते.

या ओसाड शहरातील एका मशिदीत पुढे प्रवाशांचा मुक्काम पडू लागला. ही मशीद आडवळणाची, मोडकी, कोणाच्या नजरेत न भरणारी असती तर तिची कथा सांगण्याचे कारण नव्हते. ती आहे गोलगुंबजाच्या आवारातील मशीद.

गोलगुंबज म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. १६२७ पासून १६५६ पर्यंत त्याने राज्य केले आणि त्याच्या मृत्यूपर्यंत हे काम चालू होते. बाहेरून सुमारे १४४ फूट व्यासाचा घुमट, त्याखाली मधे एकही खांब नसलेले अठरा हजार चौरस फुटांहून मोठे दालन, चार कोपऱ्यांस सात मजली अष्टकोनी मनोरे, आणि वर ती सज्जा, जिथे कुजबुजलेला शब्द पलीकडच्या भिंतीशी बसलेल्यास स्पष्ट ऐकू येतो. या प्रचंड वास्तूसमोर उभे राहिले म्हणजे तिच्या पश्चिमेस, त्याच चौथऱ्यावर असलेली मशीद सहसा कोणी पाहत नाही. अन्य कोणत्याही गावी असती तर ती त्या गावाचे भूषण ठरली असती. येथे ती थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेल्या धाकट्यासारखी दिसते. तिचा घाट प्रमाणबद्ध आहे, कमानी डौलदार आहेत आणि कडेचे मिनार सडपातळ आहेत. राजाच्या कबरीस आलेल्या माणसाने नमाज पढावा, एवढ्यासाठीच ती बांधलेली.

याच आवारात एक धर्मशाळाही होती. या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते, पण या कथेत तिला महत्त्व आहे. दूरवरून आलेल्या माणसाला टेकायला जागा लागते, हे बांधणाऱ्यांस ठाऊक होते आणि त्यांनी ती दिली होती. दख्खनची ही जुनी रीतच आहे. कलबुर्गीस ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात यात्रेकरूंची सोय होते. हुमनाबादजवळ माणिकनगरात माणिकप्रभूंच्या संस्थानाने अन्नदानाची परंपरा चालविली. बिदर भागातील लिंगायत मठांत दासोह चालतो, आणि तेथे पंगतीला बसणाऱ्याची चौकशी केली जात नाही. युरोपातील बेनेडिक्ट संताच्या नियमावलीतही मठाच्या दारी आलेला पाहुणा हा साक्षात ख्रिस्त समजून त्याचे स्वागत करावे, असे सांगितले आहे. धर्म निराळे, देश निराळे, परंतु पाहुण्याचे स्थान सर्वत्र एकच: देवाच्या शेजारी. विजापुरात जे घडले त्यात पाहुणा शेजार सोडून थेट देवाच्या जागीच येऊन बसला.

हे कोणी द्वेषाने केले, असे मात्र नाही. १८१८ नंतर विजापूर साताऱ्याच्या छत्रपतींकडे आले. १८४८ मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर ते इंग्रजांच्या प्रत्यक्ष अमलाखाली गेले. बरीच वर्षे जिल्ह्याचे ठाणे कलादगीस होते. १८८४ मध्ये होटगी-गदग हा लोहमार्ग सुरू झाला, विजापूरचे स्थानक गोलगुंबजापासून थोड्याच अंतरावर आले, आणि १८८५ च्या सुमारास जिल्ह्याची कचेरीही कलादगीहून विजापुरास हलली. नवे ठाणे म्हणजे कलेक्टर आले, इंजिनिअर आले, न्यायाधीश, पोलिस, टपाल, खजिना, सगळे आले. त्यांना छपरे हवी होती, आणि शहरात भक्कम छपरांना तोटा नव्हता. आदिलशाही महालांत कचेऱ्या आणि साहेबांचे निवास थाटले गेले. एका मशिदीत टपालकचेरी बसली. जोड गुंबज म्हणून प्रसिद्ध असलेल्या दोन कबरींपैकी एकीत तर इंजिनिअरसाहेबांचे बिऱ्हाड होते. आणि गोलगुंबजाची मशीद झाली मुसाफरी बंगला. नवी इमारत बांधण्याचा खर्च वाचला, जुनी वापरात राहिली. कोणत्याही हिशेबनीसास पटावा असाच हा व्यवहार होता.

मुसाफरी बंगला म्हणजे काय, हे आता समजावून सांगावे लागते. रेल्वेच्या आधीपासून इंग्रज सरकारने मोठ्या रस्त्यांवर असे बंगले बांधले होते. एक-दोन खोल्या, लोखंडी खाट, मेज, आरामखुर्ची, मागे न्हाणीघर, हाताशी एक खानसामा, आणि साहेब आल्याची चाहूल लागताच जीव मुठीत धरून पळणारी त्याची कोंबडी. या कोंबडीवरील विनोद त्या काळच्या इंग्रजी प्रवासवर्णनांतून इतके आहेत की त्यांचे एक पुस्तक होईल. तेथे उतरणारे मुख्यत्वे गोरे अधिकारी आणि युरोपीय प्रवासी. आजच्या पंचतारांकित हॉटेलाशी त्याची तुलना होणार नाही. पण त्या काळच्या विजापुरात परक्या प्रवाशाला मिळणारा तो सर्वांत उत्तम मुक्काम होता, आणि त्याच्या खिडकीतून दिसणारे दृश्य पॅरिसच्या कोणत्याही हॉटेलास देता आले नसते. इंग्रज प्रवाशांसाठी छापलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत, मुक्कामाची सोय या मशिदीत आहे, अशी नोंद सरळ येत असे. जिथे रांगेने कपाळ टेकवायचे तिथे खाट आली, आणि जिथे पादत्राणे बाहेर ठेवायची तिथे बूट काढून देण्यास नोकर आला. लिहिणाऱ्यास यात काही विशेष वाटले नाही. उतरणाऱ्यासही फारसे वाटले नसावे. अपमान करण्याच्या हेतूवाचून झालेला अपमान अधिक काळ टिकतो, कारण तो थांबवावा असे कोणाच्या मनात येत नाही.

दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. वापरात असलेल्या घराचे छप्पर कोणीतरी शाकारतो. ज्या इमारतीस कोणीच वाली राहत नाही, तिच्या भिंतीत पिंपळ उगवतो. याचे सर्वांत करुण उदाहरण जुन्या गोव्यात आहे. १८३४ मध्ये पोर्तुगालने सर्व धार्मिक संघ बरखास्त केले; पुढल्या वर्षी गोव्यातील मठ रिकामे झाले. टेकडीवरील सेंट ऑगस्टीनचे भव्य मंदिर असेच सोडून दिले गेले. अवघ्या काही वर्षांत, १८४२ मध्ये, त्याची कमानदार छत कोसळली. १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. आज जांभ्या दगडाचा एक अर्धा मनोरा आभाळात उभा आहे. तेथे कोणी खाटा टाकून राहिले असते, तर ते छप्पर कदाचित वाचले असते.

आणि वापर म्हणजे रक्षण, हेही सरसकट खरे नाही. बिदरचा मदरसा त्याची साक्ष देतो. महमूद गवान या बहमनी वजिराने १४७२ मध्ये तो पुरा केला. तीन मजले, दर्शनी भागावर निळ्या-हिरव्या-पिवळ्या चिनी फरशांची नक्षी, दोन टोकांस दोन मनोरे, आत मशीद, व्याख्यानाची दालने, विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि ग्रंथालय. ज्याने हे बांधले त्याचा १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून त्याच्याच सुलतानाने शिरच्छेद केला. पण विद्यालय चालू राहिले. औरंगजेबाने बिदर घेतल्यावर मदरशात घोडदळ उतरले आणि काही दालनांत दारूगोळा भरला गेला. १६९६ मध्ये त्या दारूचा स्फोट झाला. एक मनोरा आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा जमीनदोस्त झाला, आणि उरलेल्या अर्ध्या भागावर त्या फरशा अजून चमकतात. वापरणाऱ्याला आपण कशात राहतो आहोत याचे भान नसेल, तर ओसाड पडलेले परवडते.

मुंबईत परळला याच जातीची, परंतु अधिक थाटाची गोष्ट घडली. तेथे जेझुइट पाद्र्यांचे चर्च आणि मठ होता. १६७३ मध्ये आलेला इंग्रज प्रवासी फ्रायर त्याचा उल्लेख करतो. अठराव्या शतकात ती वास्तू ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. १७७१ मध्ये गव्हर्नर झालेल्या विल्यम हॉर्नबीपासून ती गव्हर्नरांचे निवासस्थान बनली. एलफिन्स्टनने तिला दोन्ही बाजूंनी जोड इमारती बांधल्या. आणि जेथे वेदी होती, प्रार्थना होत होती, त्याच मंदिराच्या भिंतींमध्ये मेजवानीचे दालन आणि नृत्यशाळा सजली. विजापूरचा मुसाफरी बंगला गरिबीचा. परळचा थाट राजवाड्याचा. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर एलफिन्स्टनचे पाहुणे म्हणून येथे राहिले. आपण जेवतो ते दालन एके काळचे चर्च आहे, हे त्यांस ठाऊक होते व त्यांनी ते लिहूनही ठेवले. एका बिशपाने दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये, चर्च म्हणून नव्हे, भोजनगृह म्हणून बसावे, हा प्रसंग इतिहासातील विलक्षण प्रसंगांपैकी म्हटला पाहिजे.

त्या घराने ज्ञानाचाही पाहुणचार केला. १८०४ च्या २६ नोव्हेंबरला सर जेम्स मॅकिंटॉश यांनी याच परळच्या घरी मंडळी जमवून बॉम्बे लिटररी सोसायटी स्थापन केली; मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा जन्म तो हाच. १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज आला तेव्हा त्याचा मुक्कामही येथेच होता. पण परळभोवती गिरण्या वाढल्या, हवा बिघडली, आणि १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच घरी पटकीने गेल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंट जवळ केला आणि परळचा वाडा रिकामा पडला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या रिकाम्या वाड्यात प्रथम रोगी आले आणि १८९९ मध्ये डॉक्टर हाफकिन आपली प्रयोगशाळा घेऊन आले. मेजवानीच्या दालनात लशीच्या बाटल्यांची रांग लागली. तेथून लक्षावधी मात्रा देशभर गेल्या. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. जेझुइटांचे चर्च पुन्हा चर्च झाले नाही. तथापि त्या वास्तूत आलेल्या सर्व पाहुण्यांत प्लेगाने तापलेला गिरणी कामगारच मूळ मालकांना सर्वांत कमी परका वाटला असता, असे म्हणण्यास हरकत नाही.

युरोपात हा प्रश्न आता व्यापाराचा झाला आहे. ज्या हुकुमाने गोव्याचे मठ रिकामे झाले त्याच हुकुमाने पोर्तुगालमधील एव्होरा शहरातील लोइओस मठही रिकामा झाला. रोमन देवळाच्या भग्न खांबांशेजारचा हा पंधराव्या शतकातील मठ निरनिराळ्या सरकारी उपयोगांतून गेला आणि १९६५ मध्ये त्याचे सरकारी हॉटेल झाले. भिक्षूंच्या खोल्यांत पाहुण्यांच्या खाटा आल्या, ओवरीत भोजनाची मेजे आली. लगतचे चर्च मात्र हॉटेलात घेतले नाही. एका हुकुमाची ही दोन फळे, जुन्या गोव्याचा अर्धा मनोरा आणि एव्होराचे हॉटेल, शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. स्पेनमध्ये सांतियागो येथे फर्डिनांड व इझाबेला यांनी यात्रेकरूंसाठी कॅथेड्रलसमोरच्या चौकात मोठे रुग्णालय बांधविले. त्याचे काम १५०१ मध्ये सुरू झाले. १९५४ मध्ये त्याचे अत्यंत महागडे हॉटेल झाले. शेकडो मैल पायी चालून आलेला यात्रेकरू, ज्याच्यासाठी घर बांधले, तोच आता दाराशी उभा राहू लागला. हॉटेलवाल्यांना याची काहीशी लाज असावी. कारण रोज पहिल्या दहा यात्रेकरूंना फुकट जेवण देण्याची चाल त्यांनी पुढेही ठेवली. या दोन्ही ठिकाणी राहण्याच्या जागी राहणेच आले. हॉलंडमधील मास्ट्रिख्ट शहरात त्याही पुढची पायरी गाठली गेली. तेथील क्रूसधारी संघाच्या मठाचे २००५ मध्ये हॉटेल उघडले, आणि त्यात मठाबरोबर चर्चही घेतले गेले. पाहुण्यांचे स्वागत आणि सकाळची न्याहारी उंच गॉथिक कमानींखाली होते. काम सुबक आहे, जुन्या भिंतीस धक्का न लावता केलेले आहे, आणि ते पाहण्यास जगभरातून लोक येतात.

कॅथलिक धर्मकायद्याने अशा प्रसंगाचा विचार करून ठेवला आहे. १९८३ च्या संहितेतील १२२२ वे कलम सांगते की, चर्चचा उपासनेसाठी उपयोग करणे शक्य राहिले नाही, तर बिशप ते लौकिक कामाकडे देऊ शकतो. मात्र ते काम हिणकस असता कामा नये. 'लौकिक' आणि 'हिणकस' यांमधील रेघ कोठे ओढावी, हे प्रत्येक बिशपास आपल्या विवेकाने ठरवावे लागते, आणि ते सोपे नाही. तरी तेथे निदान विचारणारा कोणी असतो. उपासना संपली आहे, असे उपासकांच्या वतीने बोलणारे कोणी असते. विजापूरच्या मशिदीबाबत असा निर्णय कोणत्या काजीने किंवा मुतवल्लीने दिलेला नव्हता. ती केवळ रिकामी दिसली.

या व्यवहाराविरुद्ध आवाज उठला तो राज्यकर्त्यांच्या अगदी वरच्या पायरीवरून. १८९९ च्या जानेवारीत लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय झाला. बंगालच्या फाळणीमुळे त्याचे नाव आपल्याकडे कडवट झाले आणि ते योग्यच आहे. परंतु जुन्या इमारतींच्या बाबतीत या गर्विष्ठ माणसाची दृष्टी स्वच्छ होती. त्याचे वडील उमराव असूनही केडल्स्टन गावचे धर्मोपदेशक होते. १९०० च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना, ख्रिस्ती राज्यकर्त्यास हिंदू, बौद्ध, जैन आणि मुसलमान यांच्या वास्तू सारख्याच जपल्या पाहिजेत, असे त्याने आग्रहाने मांडले. लाहोरच्या किल्ल्यातील मोती मशिदीत सरकारी खजिना, अहमदाबादेत सीदी सय्यदच्या मशिदीत, त्या अद्वितीय जाळीच्या खिडक्यांमागे, मामलेदाराची कचेरी, असे प्रकार पाहून तो संतापला होता. विजापुरातील एका मशिदीतून मुसाफरी बंगला आणि दुसरीतून टपालकचेरी आपण बाहेर काढली, असे त्याने पुढे समाधानाने सांगितले. खाटा उचलल्या गेल्या, खानसामा दुसरीकडे गेला.

कर्झनचा दुसरा वारसा कागदावरचा आहे. १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यात एक कलम घातले गेले: सरकारच्या देखरेखीखाली असलेल्या प्रार्थनास्थळाचा त्याच्या स्वरूपाशी विसंगत अशा कामासाठी उपयोग करता येणार नाही. हेच तत्त्व स्वतंत्र भारताने १९५८ च्या कायद्यात सोळाव्या कलमाने कायम केले. त्यामुळे गोलगुंबजाच्या मशिदीत, उद्या कोणी कितीही मोठी रक्कम देऊ केली, तरी हॉटेल उघडता येणार नाही. राजवाडे आणि किल्ले यांची आलिशान हॉटेले होण्याच्या या काळात ती दोन ओळींची तरतूद पुष्कळ काम करते.

आवारातील नगारखान्यात १८९२ पासून वस्तुसंग्रहालय आहे. शिलालेख, तोफा, चित्रे, हस्तलिखिते तेथे ठेवलेली आहेत. कमलनगर, भालकी, बिदर या बाजूने सहली घेऊन जाणाऱ्या शाळा त्याच नगारखान्यावरून पुढे जातात. मुले गोलगुंबजात शिरतात, सातही मजले धावत चढतात आणि सज्जात जाऊन एकमेकांची नावे घेऊन ओरडतात. पश्चिमेकडील मशिदीपर्यंत फार थोडी मुले जातात. जी जातात त्यांना आत मोकळी फरशी, कमानी आणि पश्चिमेच्या भिंतीतील मिहराब दिसतो.